आत तोंड करून ठेवलेले बूट

दारातूनच "आले गं नीलू!" असं ओरडलीस ना, काय भारी वाटलं माहितीये! एकदम पुण्यात असल्यासारखं. बस, विरजण काढून देते. दूध कोमटच हवं हं, आणि भांडं ओव्हनमध्ये ठेवून नुसता आतला लाइट चालू ठेव. नाहीतर या ईडन प्रेरीच्या थंडीत दही लागतच नाही यार. अगं, बूट सरळ नको लावूस इशिता. टाक कसेही. सीरियसली सांगतेय, टाक.

सांगते, सांगते. चहा घे आधी. मोठा लाइट नको, देवापुढचा दिवा पुरे. बाहेर बर्फ आहे, त्याचा उजेड येतोच.

अमेरिकेत यायच्या आधी मी जपानमध्ये इंग्लिश शिकवायचे, हे बोलले होते ना तुला? तोयामाकडे, समुद्राजवळचं इतकुसं गाव. पहिल्याच दिवशी मी टॉयलेटच्या स्लिपर्स घालून वर्गात गेले. त्या वेगळ्या असतात, टॉयलेटच्या दारातच बदलायच्या, मला काय माहीत! पोरं खाली बघून हसू दाबतायत आणि मी फळ्यावर ऐटीत माझं नाव लिहितेय. शेवटी माझ्याबरोबर शिकवणारी हायाशी कानाशी येऊन म्हणाली, "नीलू-सान... पाय."

राहायचे मी मोरितासान नावाच्या आजींकडे, वरच्या खोलीत. एकट्याच होत्या. घरात कायम भाजलेल्या सातूचा वास, कारण त्या सातूचाच चहा करायच्या, दिवसभर. मी संध्याकाळी दारात शूज भिरकावून आत पळायचे, आणि सकाळी बघावं तर ते पुसून, जोडून, दाराकडे तोंड करून ठेवलेले. म्हणजे निघताना नुसता पाय घालायचा. तिथे सगळीकडेच करतात तसं.

आणि बोलायची पद्धत तर अगदी आपलीच! निघताना म्हणायचं 'इत्तेकिमास', म्हणजे जाऊन येते. घरातलं माणूस म्हणणार 'इत्तेराश्शाई', जाऊन ये. परत आलं की दारातून ओरडायचं 'ताडाइमा', आले गं! आतून उत्तर येतं 'ओकाएरी', आलीस का. एकदा उशीर झाला म्हणून मी काही न बोलता पळाले, तर आजी एप्रनवरच बस स्टॉपपर्यंत मागे आल्या. धापा टाकत म्हणाल्या, "म्हटलंस तर मी वाट बघणार. न म्हणता गेलीस, तर वाट बघायची की नाही, हे मला कसं कळणार?"

मला काय गोड वाटलं होतं तेव्हा.

मग इकडे अमेरिकेत, सनीव्हेलची नोकरी लागली, निघायचा दिवस आला. कायमचं जाताना वेगळं म्हणतात, साधारण 'तुम्ही माझं खूप केलंत' असं. हायाशीने ते वाक्य माझ्याकडून घोटून घेतलं होतं. टॅक्सी दारात. आजी पायरीवर गुडघे टेकून बसलेल्या. आणि माझ्या तोंडून ते वाक्य निघेचना गं. दारात उभं राहून 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, हे आईने इतकं बिंबवलंय की जीभच वळत नाही. मी म्हटलं, "इत्तेकिमास."

हायाशीने माझ्याकडे चमकून बघितलं. मग आजींनी अगदी खाली वाकून, हळूच म्हटलं, "इत्तेराश्शाई."

सनीव्हेलमध्ये मी आणि प्रीता, नागपूरची, एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. आमच्याकडे शूजचा नुसता ढिगारा. एका वसंतात ते सरळ दिसायला लागले. जोडलेले, दाराकडे तोंड. मला वाटलं प्रीताला शिस्त लागली. तिला वाटलं मला.

"तूच करतेस ना हे जपानी नाटक?"

"मी कशाला करू?"

"काहून खोटं बोलतेस बाप्पा! आणि किचनमध्ये काय जाळतेस रोज?"

वास मलाही येत होता. जळका नव्हता तो. सातूचा होता.

मग एकदा ती टीव्ही बंद करून म्हणाली, "नीलू, तू दारातून आत आलीस ना, की कोणीतरी काहीतरी म्हणतं. बाईचा आवाज. हळू... आपल्या माणसाशी बोलावं तसं." मला ऐकू यायचं नाही. आजही येत नाही.

मी हायाशीला व्हिडिओ कॉल केला. ती म्हणाली, मोरितासान त्याच वसंतात गेल्या. प्रवासाला गेलेल्या माणसासाठी घरी रोज ताट वाढून ठेवायची तिथे जुनी पद्धत आहे, म्हणजे ते माणूस परमुलखात उपाशी राहत नाही. मी गेल्यापासून त्या माझं ताट वाढत होत्या. शेजारणीला त्या दारातल्या पायरीवरच बसलेल्या सापडल्या, रस्त्याकडे तोंड करून.

खरं सांगू? मी रडले, पण घाबरले नाही. परक्या देशात कोणीतरी आपले शूज जोडून ठेवतंय, यात घाबरायचं काय?

मग शंतनूशी लग्न झालं. तो इथे, मी तिथे. ट्रान्सफर मिळाली, तिकीट काढलं. आणि दुसऱ्या दिवशी शूज उलटे. प्रीताचे दाराकडे तोंड करून, नेहमीसारखे. माझे आत तोंड करून.

मी सरळ केले. इस्त्रीच्या कपड्यांकडे वळले, परत बघितलं, तर पुन्हा आत. निघायच्या दिवशी फणफणून ताप भरला, तिकीट कॅन्सल केलं. संध्याकाळी ताप गायब! दुसऱ्या वेळी उंबऱ्यातच पाय मुरगळला. शंतनू फोनवर हसून म्हणाला, "बाईसाहेब, नक्की यायचंय ना नवऱ्याकडे?" त्याचा आवाज हसरा नव्हता पण. मी त्याला काय सांगणार होते? मला जायचंय, पण मला सोडत नाहीयेत?

हायाशी म्हणाली, "तू नीट निरोप घेतला नव्हतास. आता घे."

मग मी भात केला, मिसो सूप केलं, सातूचा चहा केला. डायनिंग टेबलवर नको, म्हणून खाली जमिनीवर, दारासमोर मांडलं. भर दुपारी, लख्ख ऊन होतं. प्रीता सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली, तोंडात ओढणी. मी गुडघ्यांवर बसले, कपाळ टेकवलं आणि ते वाक्य म्हटलं. पूर्ण. तुम्ही माझं खूप केलंत. आता वाट बघू नका.

काही झालं नाही. चहाची वाफ सरळ वर जात होती, ती एकदा दाराच्या बाजूला झुकली, बस. पण सकाळी माझे शूज दाराकडे तोंड करून होते गं! पुसलेले. प्रीताने आणि मी अक्षरशः उड्या मारल्या.

कॅब आली. बॅगा खाली गेल्या. प्रीता दारात रडायला लागली, मीही. तिने घट्ट मिठी मारली. मी डोळे पुसत शूजमध्ये पाय घातले आणि म्हटलं...

"चल गं, येते."

म्हटल्या म्हटल्या कळलं मला. प्रीता हळूहळू मागे वळून किचनकडे बघायला लागली. "नीलू," ती कुजबुजली, "ती बाई आत्ता म्हणाली... इत्ते... इत्तेरा..."

मी जिना उतरून पळाले.

तर असं. शंतनूला वाटतं शूज मी लावते. त्याचे दाराकडे तोंड करून असतात, माझे आत. पुण्याचं तिकीट काढायचंय, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, पण अजून काढलेलं नाही. काढायला बसले की अंगात कणकण येते. वास? हो, तोच. तुला चहातून वाटला ना? तुला मी साधा आल्याचा चहा दिलाय.

हे घे विरजण. झाकण घट्ट लावलंय. आणि निघताना 'बाय' म्हण, काहीही म्हण, 'येते' तेवढं नको.

थांब. तुझे बूट बघ.

नाही गं, मी इथून उठलेसुद्धा नाही. तू कसेही टाकले होतेस ना? मग जोडून कोणी ठेवले... आणि आत तोंड करून?

इशिता, दारातून आत येताना तू काय ओरडली होतीस, आठवतंय?