सगळे बसले तेव्हा उभी असलेली

ज्यांना विश्वास ठेवायचा नाही त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. मी गाडी चालवायला शिकवते. दिवसभर लोकांना क्लच आणि ब्रेकमधला फरक पटवून देतानाच माझा जीव मेटाकुटीला येतो, आता हे पण पटवून द्यायची ताकद माझ्यात नाही.

जे घडलं तेवढंच सांगते.

आणि हे रात्री-बित्री नाही घडलं. भर उन्हाळ्यातली संध्याकाळ होती. शहराबाहेरचं मोठं मैदान, डोळ्यांत जाईल इतका लख्ख उजेड, आणि हजारो माणसं आजूबाजूला.

तरीही घडलं.

माझ्या धाकट्या बहिणीला आम्ही चिमणी म्हणतो. लहानपणापासून अखंड बडबड, म्हणून चिमणी. तिची एक मैत्रीण होती. ती एवढी उंच, की सगळे तिला लंबू म्हणायचे. दोघी एका रॉक बँडच्या मागे वेड्या झाल्या होत्या. भिंतीवर पोस्टर, कानात तीच गाणी. आई वैतागून म्हणायची, "अगं, जरा दुसरं काहीतरी लावा, माझं डोकं उठलंय!"

त्या बँडच्या चाहत्यांची एक रीत आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

शेवटच्या गाण्यात मधेच सगळी वाद्यं थांबतात. गायक ओरडतो, "बसा!" की अख्खं मैदान खाली बसतं. खांद्याला खांदा लावून. चूप. फक्त ड्रम हळूहळू वाजत राहतो. कुणी आधीच मान वर काढली तर मागून शिव्या पडतात. मग गायक ओरडतो, "उठा!" आणि सगळे एकदम उसळून उड्या मारतात.

अजून एक. गर्दीत कुणी खाली पडलं, तर बाजूच्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली करायची. म्हणजे गाणं थांबवा, माणूस पडलंय. ही खूण बँडला माहीत असते, चाहत्यांनाही माहीत असते.

गेल्या वर्षी, त्याच मैदानात, "उठा!" झालं.

सगळे उठले.

लंबू उठली नाही.

चिमणी तिच्या शेजारीच होती, अगदी पुढे, स्टेजसमोर. तिने हातांची फुली केली. गायक तिच्याकडे बघत होता. अगदी सरळ तिच्या डोळ्यांत. त्या दिवशी शेवटच्या गाण्याचं शूटिंग चालू होतं, मधेच थांबवलं तर वाया गेलं असतं...

तो हसला. त्याने स्वतःचे हात डोक्यावर नेऊन तिला उलट फुली दाखवली, जणू सलामच चाललाय. आणि गात राहिला.

गाणं संपलं, गर्दी पांगली, तेव्हा लंबू सापडली. काय अवस्थेत, ते मी लिहिणार नाही.

नंतर गायकाने मुलाखतीत सांगितलं, कुणीही खूण केली नव्हती. आणि त्याचा तो हातांची फुली करून गातानाचा व्हिडिओ इतका गाजला, की नव्या पोरांना वाटलं हा बँडचा सलामच आहे. फुलीचे टी-शर्ट निघाले! एका मुलीचा जीव गेला आणि तिच्या खुणेचे टी-शर्ट. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

चिमणी मात्र बोलायचीच बंद झाली. जेवायला हाक मारली तर यायची, विचारलं तर हो-नाही करायची, बस. आई रात्रंदिवस तिच्या तोंडाकडे बघत बसायची. मला एकच भीती होती, ही मुलगी आपल्या हातून जाते की काय.

आणि या उन्हाळ्यात बँडने पुन्हा तेच मैदान घेतलं. जाहिरातीत लिहिलं होतं की यंदा गायक शेवटच्या गाण्यात खाली उतरून चाहत्यांमध्ये बसणार. "आपल्या लाडक्या चाहतीच्या आठवणीत."

चिमणीने ती जाहिरात वाचली. कितीतरी दिवसांनी तिने अख्खं वाक्य उच्चारलं.

"ताई, मला जायचंय."

आई रडकुंडीला आली. मी म्हटलं, "जाऊ दे तिला. मी जाते सोबत. तिचा हात क्षणभर सोडणार नाही."

शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा कितीही घाबरला तरी मी गाडी थांबवू शकते. त्या मैदानात शिरले तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, इथे माझ्या पायाखाली ब्रेक नाही.

ऊन मी म्हणत होतं. धूळ, घाम, कानठळ्या. चिमणी मला ओढत थेट पुढे घेऊन गेली. तिचा उजवा हात माझ्या हातात घट्ट होता.

तिच्या डाव्या बाजूला मात्र तिने जागा सोडली होती. एका माणसाची.

"अगं सरक, मागून लोक ढकलतायत," मी म्हटलं.

"असू दे ताई."

मला वाटलं, आत्ता भरेल ती जागा. मुंगी शिरायला वाव नव्हता तिथे.

पण ती जागा भरली नाही...

एक चांगला आडदांड गडी धक्के मारत पुढे आला आणि त्या जागेत उभा राहिला. लगेच मागे सरला. दंड चोळत माझ्याकडे बघून म्हणाला, "सॉरी हां. कोणी आहे का इथे? आणि गार का लागतंय एवढं?"

एवढ्या उन्हात... गार.

मी हसण्यावारी नेलं. दुसरं काय करणार?

थोड्या वेळाने सिक्युरिटीवाल्यांनी पाइप घेतला आणि लोकांना चक्कर येऊ नये म्हणून गर्दीवर पाणी उडवायला सुरुवात केली. सगळे ओरडत, नाचत भिजले. मी भिजले, चिमणी भिजली. पायाखाली चिखल झाला.

सहज माझी नजर तिच्या डावीकडे गेली...

तिथली माती कोरडी होती.

दोन पावलं मावतील एवढीच. कोरडीठाक.

मी तिचा हात ओढला. "चिमणे, चल, आपण मागे जाऊ."

तिने मान हलवली. तिचा डावा हात मोकळा होता, पण बोटं वळलेली होती. कुणाचा तरी हात धरावा तशी.

शेवटचं गाणं सुरू झालं. सूर्य आमच्या पाठीमागे खाली आला होता, पण उजेड भरपूर होता. गायक माईक घेऊन स्टेजवरून उतरला. लोकांनी आरडाओरडा करत जागा करून दिली. तो आमच्या पुढ्यातच येऊन उभा राहिला, हात लांब केला तर लागेल इतका जवळ.

त्याची नजर चिमणीवर गेली. ओळखलंन. मला दिसलं ना, चेहरा पडला त्याचा. पण निलाजरा माणूस, लगेच हसू चिकटवून मोकळा झाला.

"बसा!"

सगळं मैदान खाली बसलं. तोही बसला, आमच्याकडे पाठ करून.

शांतता. फक्त ड्रम... धप... धप... धप...

आणि मागून कुणीतरी खेकसलं.

"ए, खाली बस!"

मग दुसरा. "अगं ए उंटीण! बस ना खाली!"

मग खूप जण. शिट्ट्या, हुर्यो. सगळे आमच्याच दिशेने ओरडत होते.

मी वळून पाहिलं. आमच्या आसपास कुणीही उभं नव्हतं.

"कुणाला ओरडतायत गं?" मी कुजबुजले.

 ती समोर बघत होती.

मीही बघितलं.

उन्हात आमच्या सगळ्यांच्या सावल्या पुढे पडल्या होत्या. बसलेल्यांच्या, बुटक्या बुटक्या. आणि त्या कोरड्या जागेपासून एक सावली निघाली होती... लांब... सरळ उभ्या माणसाची. ती थेट गायकाच्या पाठीवर पडली होती.

सावलीने दोन्ही हात डोक्यावर नेले.

फुली केली.

मग एक हात खाली आला आणि त्याच्या उजव्या खांद्यावर टेकला...

"उठा!" तो माईकमध्ये ओरडला.

हजारो माणसं उसळली. मला मागच्यांनी अक्षरशः उचललं. मी चिमणीचा हात सोडला नाही.

गायक खालीच होता.

उठायला जायचा आणि पुन्हा बसायचा. उजवा खांदा पार खाली गेलेला. आधी त्याला थट्टा वाटली. माईक चालू होता, सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. "ए, कोण आहे रे? सोड खांदा. सोड ना यार."

लोक हसले. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

मग त्याने मान वळवून वर बघितलं.

त्याला काय दिसलं ते तोच जाणे. त्याची बोबडी वळली. हातातला माईक पडला, आणि त्याने दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली.

थांबवा. माणूस पडलंय.

अख्ख्या मैदानाने बघितलं...

आणि अख्ख्या मैदानाने हात वर करून त्याला उलट फुली दाखवली! हसत, किंचाळत, उड्या मारत. सलाम! त्यानेच शिकवला होता ना! स्टेजवर ड्रमवाल्याला चेव आला, तो आणखी जोरात बडवायला लागला.

माझ्याच्याने बघवेना. राग कितीही असो, माणूस आहे शेवटी. मी एका हाताने त्याच्या काखेत धरून ओढलं. दगड! तसूभर हलेना. "थांबवा रे! मेल्यांनो, थांबवा!" मी घसा फाटेस्तोवर ओरडले. कोण ऐकणार? गर्दी त्याच्यावर चढली.

"चिमणे, अगं मरेल तो! धर ना!"

चिमणी शांत उभी होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"तिलाही कुणी धरलं नव्हतं, ताई."

गाणं पूर्ण वाजलं. मगच थांबलं.

तो मेला नाही. पण ऐका. एकही हाड मोडलेलं नव्हतं, असं सगळ्या डॉक्टरांनी सांगितलं. तरी त्याला उभं राहता येत नाही. आजही येत नाही. तो खुर्चीत बसलेला असतो, उजवा खांदा खाली गेलेला, आणि मागे कुणी आलं की हातांची फुली करतो. घरच्यांना कळत नाही त्याला काय थांबवायचं आहे.

परतताना पार्किंगमध्ये तो आडदांड गडी भेटला. तो शेवटच्या गाण्याला मागे गेला होता. म्हणाला, "तुमच्या बाजूची ती उंच मुलगी शेवटपर्यंत बसलीच नाही हो. पाठमोरी उभी होती. कोण होती?"

मी गाडीत बसले, काचा वर केल्या.

घरी आल्यावर चिमणी पोटभर जेवली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तीच बडबड सुरू. आईच्या जिवात जीव आला. खरं सांगते, मलाही बरं वाटलं. म्हटलं, लंबूला न्याय मिळाला, आमची चिमणी आम्हाला मिळाली. सुटलो!

मग एकदा दुपारी चिमणी माझ्याजवळ येऊन बसली.

"ताई, त्याचा कुठला खांदा दबला होता?"

"उजवा. का गं?"

ती नखं कुरतडायला लागली.

"आम्ही सगळे 'उठा'ला काय करतो माहितीये? गर्दीत उठता येत नाही ना, म्हणून शेजारच्याच्या खांद्यावर हात टेकून उठतो. सगळेच करतात."

"बरं, मग?"

"मी लंबूच्या उजव्या बाजूला होते. मी तिच्या खांद्यावर हात टेकला. जोरात." ती आपल्या तळव्याकडे बघत होती. "मी उठले, ताई. ती नाही उठली."

 मी तिला जवळ घेतलं. "अगं वेडे, मुद्दाम थोडंच केलंस तू? तुझी जिवाभावाची मैत्रीण ती. तिला कळतं ते."

"तिला कळतं ना?" चिमणीने विचारलं.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

काल संध्याकाळची गोष्ट. आम्ही तिघी टेबलाशी जेवत होतो. खिडकीतून ऊन येत होतं. जेवणं झाली, आई उठली, मी उठले.

चिमणी बसूनच होती.

हसत म्हणाली, "ताई, हात दे गं. आजही पायाला मुंग्या आल्यात बहुतेक."

मी हात दिला. तेव्हा दिसलं... तिच्या उजव्या खांद्यावर शर्टाचं कापड आत दबलेलं होतं. तळव्याएवढं.

समोरच्या भिंतीवर तिची बसलेली सावली होती. तिच्या मागे दुसरी. उभी.

आईला काही दिसलं नाही. मी सगळा जीव लावून ओढलं. चिमणी उठली.

पण परवापेक्षा काल जास्त ओढावं लागलं.