सयाजी मास्तरांचा ग्लास

ही गोष्ट खरी आहे. रचून सांगायची असती तर याहून चांगली रचली असती.

गेल्या वर्षीचा ऑक्टोबर. रविवार. संध्याकाळचे साडेसहा.

भुतांनी अमावास्येला, मध्यरात्री, पिंपळाखाली यावं असा एक शिष्टाचार आहे. हे भूत दिवेलागणीला आलं. कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत, भर रहदारीच्या रस्त्यावर, सत्तावीस माणसांच्या देखत.

त्या सत्तावीस जणांपैकी सव्वीस जणांना ते दिसलं नाही. सत्ताविसावा जोतीराम. त्यालाही दिसलं नाहीच...

पण त्याला ऐकू आलं.

आमच्याकडं दुधाचे कट्टे असतात हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. सकाळ-संध्याकाळ गवळी आपल्या म्हशी रस्त्याकडेला आणून उभ्या करतात. गिऱ्हाईक समोर उभं राहतं, धार थेट ग्लासात पडते, आणि फेसासकट ते दूध तिथल्या तिथं पोटात जातं. न तापवता. गाळायचा तर प्रश्नच नाही. दुधात पाणी नाही, याची डोळ्यांदेखत खात्री. म्हशीनं स्वतः त्यात काय घातलंय, याची चौकशी आजवर कुणी केलेली नव्हती.

जोतीराम त्या कट्ट्यावर तीस वर्षं उभा होता. त्याची मैना नावाची म्हैस पेठेत प्रसिद्ध होती. तिच्या दुधाला असा फेस यायचा की पिणाऱ्याच्या नाकाच्या शेंड्यापर्यंत पांढरं व्हायचं.

तिचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे सयाजी मास्तर. शहर बसवर कंडक्टर होते, म्हणून मास्तर. निवृत्त झाले तरी तिकिटाला भोक पाडायचा पंच त्यांच्या खिशात असायचा. रोज साडेसहाला यायचे, विजेच्या खांबाला टेकायचे आणि त्या लोखंडी खांबावर पंच आपटायचे.

टक्... टक्.

की जोतीराम म्हशीखालून वर न बघताच ग्लास पुढं करायचा. वीस वर्षांत मास्तरांनी तोंडानं दूध मागितलं नव्हतं.

मार्चमध्ये मैनेनं गाभ टाकला. सातवा महिना होता.

जोतीरामनं मेलेलं रेडकू गोठ्यामागं पुरलं. जनावरांच्या डॉक्टर ऐश्वर्याताई आल्या, मैनेचं रक्त घेऊन गेल्या. आठवड्यानं स्वतः परत आल्या, तेव्हाच त्यानं ओळखलं. डॉक्टर चांगल्या बातमीसाठी गोठ्यापर्यंत येत नाहीत.

त्यांनी नीट समजावून सांगितलं. रोगाचं नाव ब्रुसेलोसिस. म्हशीला गाभ टाकायला लावतो आणि तिच्या दुधातून बाहेर पडत राहतो. म्हैस वरून ठणठणीत दिसते. कच्चं दूध पिणाऱ्या माणसाला ताप येतो, सांधे धरतात, कुणाच्या हृदयापर्यंत जातो. गरोदर बाईला तर फारच वाईट. दूध उकळलं की जंतू मरतात. कट्ट्यावर मात्र हिला आता न्यायचं नाही, दादा. बाकीच्या म्हशींचंही रक्त तपासायचं.

जोतीरामनं सगळं ऐकलं. मान हलवली.

घरी बायकोला, शालनला, सांगितलं की आजपासून दूध चांगलं उकळल्याशिवाय कुणी तोंडाला लावायचं नाही.

आणि मैनेला दूध आलं, तसं तिला कट्ट्यावर घेऊन गेला.

तो वाईट माणूस होता असं नाही. मैना दिसली नाही तर चार लोक विचारणार. एका म्हशीला रोग आहे म्हटलं की चारीही म्हशींकडं लोक तसंच बघणार. तीस वर्षांचं नाव जाणार. उद्यापासून नेत नाही, असं तो रोज ठरवायचा. रोज ठरवायचा, एवढं तरी त्याच्या बाजूनं म्हणता येईल.

मे महिन्यात मास्तरांना ताप यायला लागला.

दिवसभर बरे असायचे. दिवेलागणीला अंग तापायचं. रात्री घामानं गादी भिजायची. कंबर धरली, गुडघे धरले. पहिल्यांदा टायफॉइडची औषधं झाली. ताप जायचा, पंधरा दिवसांनी परत यायचा. अशक्तपणा आला म्हणून मास्तरांनी एकाचे दोन ग्लास केले.

जोतीरामनं दोन्ही भरून दिले.

जूनमध्ये राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांनी विचारलं, कच्चं दूध पिता का? म्हैस कधी गाभडलीय का, विचारून या. तसं असेल तर वेगळी तपासणी करू, वेगळी औषधं देऊ.

त्या संध्याकाळी मास्तरांनी पहिल्यांदा खांब वाजवला नाही. जवळ आले, वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "जोत्या, मैनीला काय रोग न्हाय न्हवं?"

मागं गिऱ्हाइकं उभी होती.

जोतीरामनं मैनेच्या पाठीवर हात ठेवला. "हिची शपत, मास्तर. काय सुदिक न्हाय."

मास्तरांनी त्याच्याकडं बघितलं. मग म्हणाले, "तुझ्या शब्दावर डॉक्टरला सांगतो."

आणि सांगितलं. वेगळी तपासणी राहिली. श्रावणात मास्तर गेले. हृदयाच्या झडपेला जंतू धरले होते म्हणे.

दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर कावळा शिवेना.

पोरांनी सगळं कबूल करून बघितलं. आईला सांभाळू म्हणाले. भांडणार नाही म्हणाले. हे मास्तरांना खरं वाटलं नसावं. शेवटी कुणीतरी म्हणालं, त्यांचा संध्याकाळचा ग्लास राहिलाय. जोतीराम तिथंच होता. त्याला जावं लागलं. मैनेची धार काढून ग्लास घेऊन आला आणि पिंडापाशी ठेवला.

झाडावर पंधरा-वीस कावळे होते.

सगळे एकदम गप्प झाले...

आणि एकदम उठले. नदीपलीकडं गेले. एकही मागं राहिला नाही.

मग दर्भाचा कावळा करून उरकलं. जोतीरामनं ग्लास उचलायला हात लावला, तर दूध नासलेलं होतं. काढून अर्धा तास झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला तो मैनेखाली बसला होता. मैना दूध चोरत होती. थेंब सोडेना.

टक्... टक्.

मैनेनं आपोआप पान्हा सोडला.

जोतीरामचा हात सवयीनं ग्लास घेऊन पुढं झाला. हातातून ग्लास कुणीतरी घेतला. तसा रोजच कुणीतरी घेतो. त्यानं वर बघितलं तेव्हा खांबापाशी कुणी नव्हतं. ग्लास कट्ट्यावर होता. भरलेला. फेस जसाच्या तसा.

असं महिनाभर चाललं. रोज एक ग्लास भरायचा, रोज तो तसाच राहायचा, आणि रोज जोतीराम तो गटारीत ओतायचा. लोकांना वाटलं, मास्तरांच्या आठवणीत ठेवतो. चार जणांनी कौतुक केलं. कौतुक ऐकून त्याला घाम फुटायचा.

ऑक्टोबरात त्याची मुलगी क्रांती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सासर वारणानगरला.

सातवा महिना होता.

आली त्याच आठवड्यात, शुक्रवारी, जोतीराम कट्ट्यावरून घरी आला तर क्रांती सोप्यात, बाहेरच्या खोलीत, बसलेली. समोर फेसाळ दुधाचा ग्लास. ती लाडात म्हणाली, "आबा, तुम्ही न्हाय म्हणता आन तुम्हीच धाडता व्हय?"

कुणी आणला, तर एक अनोळखी म्हातारा बाबा. शर्टाच्या खिशात काहीतरी लोखंडी वाजत होतं. म्हणाला, तुझ्या बापानं पाठवलंय, खात्रीचं हाय.

जोतीरामनं ग्लास हिसकावला आणि अंगणात फेकला. क्रांती रडायला लागली. शालन त्याच्यावर ओरडली.

शनिवारी त्यानं मैनेला गोठ्यातच ठेवलं आणि दुसऱ्या म्हशी घेऊन कट्ट्यावर गेला. त्या दिवशी खांब वाजला नाही. त्याला हलकं वाटलं. म्हैस न्यायची बंद केली म्हणजे मिटलं, असं त्याला वाटलं. आपल्याकडं बऱ्याच चौकशा अशाच मिटतात.

घरी आला तर ग्लास खिडकीत होता. गजांच्या आतल्या बाजूला. कोमट.

या वेळी फेस थोडा खाली बसलेला होता... कुणीतरी ओठ लावून बघावं तसा. क्रांती म्हणाली, मी हात लावला नाही. ती खरं बोलत होती, पण त्याला रात्रभर झोप आली नाही. हुंगायचा मोह तर झाला नसेल? जिभेचं टोक? सातव्या महिन्यातली डोहाळ्यांची पोर.

रविवार उजाडला. शालन मुलीसाठी जोतिबाला गेली. जोतीरामनं क्रांतीला बजावलं, कडी आतून घाल, कुणी आलं तरी उघडू नको. आणि साडेसहाला, मैनेला गोठ्यातच ठेवून, तो कट्ट्यावर होता, कारण कट्ट्यावर नाही तर लोक विचारतील. माणूस कुठवर तसाच वागतो बघा.

त्यानं म्हशीखाली बसून मांडीत चरवी धरली. अजून एकही धार काढलेली नव्हती.

फोन वाजला. क्रांतीचा.

"आबा... त्ये बाबा आल्यात."

"दार कशाला उघडलंस?"

"न्हाय उघडलं. कडी आतनं हाय. मीच घातलीया." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "समोर बसल्यात. ग्लास दिलाय."

"हात लावू नको त्याला."

"हातातच हाय, आबा. मी घेतला न्हाय... तरी हातात हाय."

जोतीराम उठला. चरवी पडली. घर पंधरा मिनिटांवर. रस्ता गाड्यांनी भरलेला.

"बाबा म्हणत्यात, तुझ्या बापाला इचार, प्यायचं का न्हाय. खात्रीचं हाय का न्हाय." मग ती रडत म्हणाली, "आबा, हात वर चाललाय माझा. मी न्हाय उचलत. तोंडाकडं चाललाय..."

फोनमधून आवाज आला.

टक्... टक्.

आणि मग अगदी कानाशी, ओळखीचा, हळू आवाज.

"जिथं शपत घेतलीस, तिथंच खरं बोल."

जोतीरामनं भोवती बघितलं. ओळखीचे चेहरे. शेजारच्या गवळ्यांकडचे ग्लास हातात, काही तोंडाला लावलेले. तीस वर्षं.

"पिऊ नकासा," तो म्हणाला. कुणी ऐकलं नाही. मग तो असा ओरडला की रस्त्यावरच्या रिक्षा थांबल्या. "कुणी पिऊ नकासा! माझ्या मैनीला रोग हाय. मार्चात गाभ टाकलाय तिनं. कच्च्या दुधातनं माणसाला लागतोय. डॉक्टरीण बाईंनी सांगितलंतं. मला ठावं हुतं. मास्तरांनी हितं उभं राहून इचारलं, तवा मी खोटी शपत घेतली. मास्तर माझ्या दुधानं गेलं."

कट्टा गप्प झाला.

म्हशीही रवंथ करायच्या थांबल्या, असं लोक सांगतात. ते मात्र मी वजा करतो.

एक जण पुढं आला. रोजचं गिऱ्हाईक, जोतीरामच्या लग्नात वाढायला होता. त्यानं आपला ग्लास जमिनीवर ठेवला आणि विचारलं, "आन आमच्या पोटात गेलंय त्येचं काय, पावणं?"

आमच्याकडं पावणं म्हणतात ते परक्याला. तीस वर्षांत त्या कट्ट्यावर जोतीरामला कुणी पावणं म्हटलं नव्हतं.

फोन अजून चालू होता. त्यानं तो कानाला लावला.

"आबा..." क्रांती धापा टाकत होती. "गेलं त्ये. ग्लास रिकामा हाय."

"तू...?"

"मी न्हाय पिलं. व्हट कोरडं हायत माझं. पर ग्लास रिकामा हाय, आबा."

जोतीरामनं सुस्कारा सोडला. तेवढ्यात तो समोरचा माणूस एक पाऊल मागं सरकला. त्याच्या मागचेही सरकले. सगळे जोतीरामच्या तोंडाकडं बघत होते.

त्यानं हात नेला.

मिशी ओली होती. बोटांना फेस लागला. जिभेवर कच्च्या दुधाची चव होती, आणि पोटात काहीतरी पूर्ण ग्लासभर, नुकतंच उतरलेलं.

त्यानं मार्चपासून कच्च्या दुधाचा थेंब घेतला नव्हता.

पुढचं सगळं कागदोपत्री आहे. ऐश्वर्याताईंनी धावपळ केली, कट्ट्यावरच्या माणसांचं आणि म्हशींचं रक्त तपासलं गेलं. अकरा माणसांना रोग निघाला. सहा-सहा आठवडे गोळ्या घेऊन सगळे बरे झाले. त्या उन्हाळ्यात मीही तिथं पीत होतो. माझा रिपोर्ट चांगला आला, आणि घरच्यांनी तो किंचित निराशेनं ऐकला. क्रांतीच्या रक्तात काही निघालं नाही. डिसेंबरमध्ये मुलगी झाली, ठणठणीत आहे.

जोतीरामला तिसऱ्या आठवड्यात ताप आला. दिवेलागणीला. घाम, कंबर, गुडघे, सगळं मास्तरांच्याच क्रमानं. डॉक्टरांचं म्हणणं, मार्चमध्ये मेलेलं रेडकू उघड्या हातानं उचललं असेल, त्यातून लागलं असेल, कधी कधी उशिरा दिसतं.

तसंही असेल.

औषधं पूर्ण झाली. रक्त दोनदा तपासलं. जंतू गेले.

ताप गेला नाही. रोज साडेसहाला येतो, तासाभरानं उतरतो. आणि त्या वेळी त्याच्या मिशीला फेस येतो. शालनवहिनी शेजारी बसून बघतात. ग्लास नाही, दूध नाही. चारी म्हशी गोठ्यातून कधीच गेल्या. फेस मात्र येतो.

जानेवारीत त्यानं मिशी काढली. कोल्हापुरात एखाद्यानं मिशी काढली की लोक कारण विचारत नाहीत, सांत्वन करायला जातात. मीही गेलो. साडेसहा वाजले होते. जोतीराम भिंतीकडं तोंड करून बसला होता. मी हाक मारली, तसा वळला.

आता फेस ओठावर येतो.

वहिनींनी फडकं पुढं केलं. त्यानं ते घेतलं नाही. माझा हात धरला आणि माझं बोट स्वतःच्या ओठाला लावलं, कुणीतरी खरं मानावं म्हणून.

आत्ताच काढलेल्या दुधाचा फेस ऊन असतो.

हा गार होता.