तांब्यातलं पाणी

खंडेनवमीच्या सकाळी गोदाबाईंनी पूजेचं तबक सुनेपुढे धरलं, आणि श्रद्धाने ते घेतलं नाही... नुसते हात जोडले!

गोदाबाईंच्या नारायण पेठेतल्या संगणक संस्थेत नव्या कंपन्यांच्या नोकरीच्या आशेने मुलामुलींची रीघ लागे. यंत्रपूजनाला प्रत्येक शिक्षकाने आपल्या संगणकाला स्वहस्ते हळदकुंकू वाहावं, हा दंडक अध्यक्ष म्हणून त्यांनीच घातलेला. श्रद्धा तिथे शिकवी. पण ती अमरावतीकडच्या महानुभाव घराण्यातली, एका परमेश्वरावाचून कुणाचीही पूजा न करण्याच्या व्रतात वाढलेली. लग्नाआधी तिने हे सांगितलं, तेव्हा गोदाबाईंचा मुलगा सुदर्शन हसून हो म्हणाला होता. आज तोच तिला बजावत होता, की संस्थेच्या बैठकीत माफी माग, नाहीतर राजीनामा दे.

बैठकीत चिटणीस रंगरावांनी चष्मा पुसत विचारलं, "एवढ्याशा कुंकवाने आपला देव बाटतो का हो, सूनबाई?"

"देव नाही बाटत, काका. माझा शब्द मोडतो."

राजीनाम्याचा कागद ओढण्याआधी तिने नेहमीप्रमाणे तांब्याचा तांब्या सासूबाईंच्या उजव्या हाताशी ठेवला. गोदाबाई घराबाहेरचं पाणी पीत नसत. लग्न होऊन आल्यापासून तो तांब्या श्रद्धाच सोवळ्याने भरून आणी.

फुलपात्र उचलता उचलता गोदाबाईंचा हात थबकला.

"आजही तूच भरलंस?"

"हो, आई. सोवळ्यानेच."

"तुझा विश्वास आहे या सोवळ्यावर?"

"नाही. पण तुमचा आहे ना..."

ज्या नियमाशी या पोरीचं काही नातं नव्हतं, तो तिने आपल्या व्रताइतका जपला होता, आणि आपण...? गोदाबाईंनी फुलपात्र खाली ठेवलं. स्वर करडाच राहिला. "रंगराव, ठराव लिहा. ज्याला पूजा करायची त्याने करावी. सक्ती कुणावरही नाही."

रंगराव म्हणाले, की स्वतःचाच दंडक सुनेसाठी मोडला असं सभासद म्हणतील; अध्यक्षांनी पद सोडलं तरच ते या ठरावाला मान्यता देतील. सुदर्शनने मान खाली घातली.

ज्या खुर्चीसाठी अर्धं आयुष्य वेचलं, तिच्या हातावरून गोदाबाईंनी एकवार हात फिरवला आणि त्या उठल्या. "मग सोडलं. लिहा."

जिन्यात तांब्या-फुलपात्र घेऊन उतरणाऱ्या श्रद्धाला हुंदका आवरेना. "आई, माझ्यापायी..."

"उगीच भाव खाऊ नकोस," गोदाबाई म्हणाल्या. त्यांनी फुलपात्र भरलं आणि तिच्यापुढे धरलं. "आधी तू पी."

त्या तांब्यातलं पाणी त्यांच्याआधी आजवर कुणी प्यालं नव्हतं. श्रद्धा प्याली. मग त्याच फुलपात्रात उरलेलं पाणी, न विसळता, गोदाबाई प्यायल्या.