काचेवरचं उलटं रेडियम

खडकाच्या चढावर, बरोबर मधोमध, ती पांढरी दहा-बारा सीटची जीप थांबली आणि तिच्या बोनटमधून वाफ निघाली. दारव्ह्याच्या बाजाराचा दिवस. मागे तीन काळ्या-पिवळ्या टॅक्सी खोळंबल्या, आणि तिन्ही ड्रायव्हरांनी हॉर्नवर हात ठेवला तो काढायचं नाव नाही.

समोरून मोटारसायकलवर येणारा एक तरुण थांबला. डाव्या बाजूच्या सीटवर काळा चष्मा लावून बसलेल्या म्हाताऱ्याला त्याने अदबीने विचारलं, "काका, बोनट उघडू का? ड्रायव्हर कुठी गेला?"

"ड्रायव्हर मांगं हाये," उकंडा मनवर म्हणाले. "पोरगी हाये माही."

तरुण मागे गेला. चोवीस-पंचवीस वर्षांची एक मुलगी ओढणी कमरेला खोचून उभी होती, आणि मागच्या चाकाखाली तिने केव्हाच एक भलामोठा दगड लावला होता. तो दगडाकडे पाहत राहिला... मग तिच्याकडे.

"दगड कोनं लावला?"

"ज्यानं गाडी थांबवली त्यानं," ती म्हणाली. "आता पाह्यत राह्यनार का पानी आनता, भाऊ?"

हा 'भाऊ' शब्द विक्की राठोडच्या कानाला तेव्हाच खटकला. दारव्ह्यात नाक्यावर त्याचं गॅरेज होतं, दिवसातून शंभर जण त्याला भाऊ म्हणत. पण हिने म्हणू नये असं त्याला का वाटलं, ते त्यालाच ठाऊक. तो नाल्यावर गेला, पाणी घेऊन आला आणि जाताना गॅरेजचा पत्ता सांगून गेला.

त्या मुलीचं नाव सत्यशीला. गाव बोरी अरब. बाप अठरा वर्षं कापसाच्या जिनिंगच्या शेठची हीच गाडी चालवायचा. पण २००६ सालचा तो जानेवारी... कापसाला भाव नाही, जिनिंगचे पट्टे सलग दुसऱ्या हंगामात फिरले नाहीत. शेठ कारखान्याला कुलूप लावून नागपूरला निघून गेले, आणि जाताना 'गाडी आता तुझीच' म्हणून किल्ली उकंडांच्या हातात ठेवली. पण तोवर उकंडांची नजर अधू झाली होती. मग त्यांनी लेकीला शेजारी बसवून गाडी शिकवली, नुसत्या कानाने. गिअर चुकला की ते सीटवर बोट आपटत. सत्यशीलाने लायसन काढलं, प्रवासी गाडीचा बिल्ला काढला, आणि एक गोष्ट मनात पक्की केली.

ती गोष्ट अशी. लोकांचं येणंजाणं घटलं तशी गावची सकाळची बस बंद पडली, आणि दारव्ह्याच्या कॉलेजात जाणाऱ्या नऊ मुली घरी बसल्या. घरी बसलेल्या मुलीचं पुढे काय होतं हे सत्यशीलाला कुणी सांगायला नको होतं. तिचं स्वतःचं बी.ए. असंच दुसऱ्या वर्षाला अडकलं होतं. त्या नऊ जणींना रोज कॉलेजात नेऊन परत आणायचं, आणि स्टिअरिंग आपण धरायचं, हा तिचा निश्चय होता.

पण गाडी चढ चढेना. तिचा मोठा भाऊ अतुल यवतमाळला मोबाइलच्या दुकानात होता. त्याने हौसेने गाडी नटवली होती. समोर हे एवढं लोखंडी गार्ड, चार पिवळे दिवे, बोनटवर लाल ज्वाळा, आणि सहा सुरांचा हॉर्न. एवढं करूनही गाडी तापते म्हटल्यावर त्याने हात झटकले.

"सोमवारी यवतमाळची पार्टी येऊन राह्यली. गाडी देऊन टाकू," तो म्हणाला.

"सोमवारी सकाळी नऊ पोट्ट्या बसवून खडकाचा चढ चढते. चढली तं गाडी माही."

"अन् नाही चढली तं?"

"मंग तुही पार्टी अन् तू."

मुलींच्या आयांचंही तेच म्हणणं. चढावर बंद पडली तर पोरी पुन्हा पाठवणार नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. हातात चार दिवस होते. सत्यशीलाने गाडी हळूहळू, थांबत-थांबत दारव्ह्याला नेली आणि विक्कीच्या गॅरेजसमोर उभी केली.

"विक्कीभाऊ, ताकद पाह्यजे. अन् दिसाले पन चांगली पाह्यजे. पोट्ट्यांच्या आया पह्यले रूप पाह्यतात."

"दोन्ही होईन. पन मले भाऊ म्हनू नका."

"मंग काय म्हनू? काका?"

विक्कीने तोंड बोनटमध्ये घातलं. त्यामुळे त्याचं हसू तिला दिसलं नाही, पण कान लाल झालेले दिसले.

पहिल्याच दिवशी त्याने गार्ड काढलं. चार माणसांना उचलेना असं ते धूड. "नाकापेक्षा मोती जड झाला होता," तो म्हणाला. "हवा जाईन कुठून?" मग रेडिएटर सोडवला, उन्हाकडे धरला, आणि तिला जवळ बोलावलं.

"पाहा."

जाळीच्या आरपार एक किरण येत नव्हता. विक्कीने बारीक तार घालून ओढली... आणि कापसाची रुई निघाली. काळपट, तेलकट, दाबून बसलेली. ओढेल तशी निघतच गेली. अठरा वर्षं जिनिंगच्या आवारात उभ्या राहिलेल्या गाडीने कित्येक हंगामांची रुई पोटात घेतली होती. एअर फिल्टरमध्ये तीच, बोनटच्या कोपऱ्यात तीच.

सत्यशीला ती रुई ओंजळीत घेऊन उभी राहिली. जिनिंगचा भोंगा, बापाच्या सदऱ्याला चिकटलेले पांढरे तंतू, सगळं तिला एकदम आठवलं आणि डोळे भरून आले. तिला त्याच्यासमोर रडायचं नव्हतं.

"डोळ्यात गेली वाट्टे," विक्की हळूच म्हणाला आणि तिच्याकडे पाठ करून पाने शोधत बसला. पाने त्याच्या हातातच होते. ते तिने पाहिलं, आणि त्या क्षणापासून तिला हा माणूस आवडला.

पुढचे दिवस ती सकाळीच यायची. उलट्या डब्यावर बसायची, आणि मागितलं ते हातात द्यायची. डिझेलचे नोझल साफ झाले, पंप नवा बसवला, मागच्या स्प्रिंगचे दबलेले पाटे बदलले, टायर एक नंबर मोठे आले. लाल ज्वाळा खरवडून पांढरा रंग घोटला, खाली काळी बारीक पट्टी ओढली. गाडी एकदम उंच, नीटस, रुबाबदार दिसायला लागली. तिसऱ्या दिवशी विक्कीची आई बिजलीबाई तांड्यावरून गाठोडं घेऊन आली. त्यात सीटची कव्हरं होती, निळ्या कापडावर आरसे आणि कवड्या लावलेली.

"हे कोनं सांगतलं होतं?" सत्यशीलाने विचारलं.

"कोनीच नाही," विक्की म्हणाला. "माह्या याडीले सांगतलं, एक पोरगी गाडी चालवनार हाये. तं ते रातभर... म्हंजे दिवसभर शिवत बसली."

बिजलीबाईने सत्यशीलाला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, लेकाकडे पाहिलं, आणि बांगड्या सावरत हसली.

"आता समोरच्या काचावर रेडियम पाह्यजे," विक्की म्हणाला. "तुमचं नाव टाकू? पन एवढं मोठं नाव हाये, काचावर मावत नाही. अर्धं पुसून टाकाल का?"

"नाव नाही पुसत मी. काच मोठा आना."

"मंग काय लिहू?"

"तुमच्या मनानं लिहा," ती सहज बोलून गेली. तो मात्र कैची घेऊन तिच्याकडे पाठ करून अक्षरं कापायला बसला.

सोमवारी सकाळी विक्कीने गाडी गावात आणून लावली आणि गॅरेजच्या पोऱ्याने मागून आणलेल्या मोटारसायकलवर बसून गेलाही. नऊ मुली दप्तरं घेऊन उभ्या, त्यांच्या आया उभ्या, अतुल फोन हातात घेऊन उभा. गाडी पाहून आयांच्या माना होकारार्थी हलल्या. इतक्यात अतुल पोट धरून हसायला लागला.

"अवं, काचावर पाह्य. रेडियम उलटं चिटकवलं त्यानं. आरशात धरून वाचा लागन. ज्याले अक्षर सरळ लावता येत नाही, त्यानं इंजन काय केलं असन?"

खरंच, अक्षरं उलटी होती. आया कुजबुजल्या. सत्यशीलाच्या अंगाचा तिळपापड झाला. चार दिवस जीव ओतला, आणि ऐन वेळी हे? 'भेटू दे, सांगते त्याले,' असं पुटपुटत तिने दार उघडलं, सीटवर बसली, मान वर केली...

आतून अक्षरं सरळ होती.

'हळू जाजो. वापस येजो.'

बाहेरच्यांसाठी लिहिलेलंच नव्हतं ते. ज्याच्या हातात गाडी, त्याच्यासाठी होतं. तिने पुन्हा वाचलं. 'जाजा' नव्हे, 'येजा' नव्हे. चार दिवस तुम्ही-तुम्ही करणाऱ्या माणसाने काचेवर सरळ 'येजो' म्हटलं होतं, घरच्या माणसाला म्हणावं तसं. तिचा राग कुठे गेला कुणास ठाऊक.

"काय लिह्यलं हाये वं?" शेजारी बसलेल्या बापाने विचारलं.

"कंपनीचं नाव हाये, बाबा."

पण विक्कीने एक हिशेब केलाच नव्हता. ड्रायव्हरच्या मागे नऊ मुली बसणार होत्या, आणि नऊही कॉलेजात शिकलेल्या. गाडी वेशीबाहेर पडली नाही तोच मागून एकसुरात आलं, "हळू जाजो... वापस येजो..." आणि हास्याचे फुटाणे फुटले. सत्यशीलाने आरशात डोळे वटारले. आरशात तिला आधी स्वतःचेच लाल गाल दिसले.

उकंडांनी सगळं ऐकलं, आणि गंभीरपणे म्हणाले, "कंपनी चांगली दिसते, पोरी."

खडकाचा चढ आला. मुलींनी सीटा घट्ट धरल्या. तिने दुसरा गिअर टाकला. बापाचं बोट सीटवर तयार होतं... पण आपटलं नाही. इंजिनच्या तापाचा काटा जागचा हलला नाही. गाडी एकाच दमदार सुरात वर निघाली. मधोमध, जिथे ती त्या दिवशी थांबली होती, तिथे रस्त्याच्या कडेला एक जण उभा होता. विक्की. दोन्ही हातांत तोच भलामोठा दगड.

ती थांबली नाही. तिने फक्त सहा सुरांचा हॉर्न वाजवला, अतुलची तेवढी एक हौस तिने राहू दिली होती, आणि गाडी माथ्यावर पोचली. मागे मुलींनी टाळ्या पिटल्या. सत्यशीलाने अतुलला फोन लावला आणि एवढंच सांगितलं, "पार्टीले सांग, गाडी विकाची नाही."

मुलींना कॉलेजात सोडून ती नाक्यावर आली. बाप गाडीतच बसून राहिले, 'मले आता उतराले जमत नाही' म्हणत. विक्की गॅरेजच्या दारात होता. दगड पायाशी.

"हा कायले नेला होता? भरोसा नोहता?"

"गाडीवर होता. तुमच्यावर तं त्याच्याहून जास्त. पन हात मोकळे राह्यले की मले भेव लागते."

"अन् काचावरचं?"

तो खाली पाहत म्हणाला, "ते ड्रायव्हरनंच वाचावं म्हून आतून सरळ लावलं..."

"मांगं नऊ पोट्ट्या बसनार होत्या. त्यांनी वाचलं, माह्या बापानं ऐकलं, आता संध्याकाळवरी गावभर होईन."

विक्कीने कपाळावर हात मारून घेतला. ग्रीसचा अख्खा पंजा कपाळावर उमटला. "पन... काढून टाकतो ना. आत्ताच काढतो." तो पत्ती घेऊन काचेकडे निघाला, आणि ती आडवी उभी राहिली.

"हात नाही लावाचा. माह्या गाडीचं हाये ते." ओढणीच्या टोकाने तिने त्याच्या कपाळावरचं ग्रीस पुसलं. "रविवारी तुह्या याडीले घेऊन घरी ये. बाबाले भेटजो. अन् तिथं रेडियम चालनार नाही, विक्की. तोंडानं बोलजो."

'भाऊ' गळून पडला होता. त्याच्या ते लक्षात यायला एक क्षण लागला. तोवर ती स्टिअरिंगवर बसली होती.

"हळू जाजो," तो म्हणाला, पहिल्यांदाच तोंडाने.

"येते," ती म्हणाली. "चार वाजता पोट्ट्या घ्याले येते."