कपाटातली बरणी

वत्सलामावशीची दाढ ठणकली नसती, तर मुरबाडची कुणाली शहापूरच्या डॉक्टर स्वरूपच्या दवाखान्याची पायरी कशाला चढली असती? मावशी खुर्चीत कण्हतेय, आणि ही बया डॉक्टरला विचारते काय, तर — "काढलेले दात टाकून देता का? मला द्याल?"

स्वरूप बघतच राहिला. मग असा काही हसला... झालं! तेव्हापासून हिच्या जिवाला चैन नाही.

तीही दातांचीच डॉक्टर होणार. शेवटच्या वर्षाचा प्रबंध चाललेला. चांदी, सिमेंट, दातांच्या रंगाचं कॉम्पोझिट — पोकळ दातात काय भरलं तर तो जास्त दाब सोसतो, हे मशीनखाली दात फोडून बघायचं. त्याला दात हवेत धड, पाण्यात जपलेले. वाळले की ठिसूळ होतात.

दर शनिवारी ती यायची. स्वरूप तिच्या हातात बाटली द्यायचा, बोटाला बोट लागायचं, आणि बाटलीत दात दोनच.

"एवढेच?"

"शहापूरकरांचे दात फार घट्ट हो... चहा तरी घ्या!"

आज मात्र तिचा पाय ठरेना. सोमवारी मशीन मिळणार होतं. ते हुकलं की प्रबंध लटकला. दात अजून कमीच. स्वरूप आत पेशंट बघत होता.

"उभी काय रायलीस गो?" झाडलोट करणारी धोंडीबाई म्हणाली. "कपाटातली बरणी ने ना! डॉक्टरांनी कवाची भरून ठेवलीय."

कुणालीने कपाट उघडलं. बरणी दातांनी काठोकाठ भरलेली! तिचा पारा चढला. तेवढ्यात स्वरूप बाहेर आला आणि जागीच थिजला.

"माझं वर्ष बुडालं असतं! का केलंत असं?"

"सगळे एकदम दिले असते, तर..." त्याची मान खाली. "तुम्ही परत आला असता? आज देणारच होतो. चुकलंच माझं."

"चुकलंच!" ती फणकारली. "आणि मी तरी कुठली शहाणी? मुरबाडचे डॉक्टर लागतील तेवढे दात देत होते. मीच नाय म्हटलं."

"का?"

"का काय? तुम्ही आवडता मला, म्हणून!"

बोलून गेली खरी, आणि लाजेने ती लालेलाल झाली. पण आता माघार कसली?

"उद्या बाबा घरी आहेत. मुरबाडला या. मागणी घालायला."

"उद्या कशाला?" स्वरूप हातमोजे ओढून काढत म्हणाला. "आत्ताच निघू!"

"अवो डॉक्टर," धोंडीबाई ओरडली, "आतला माणूस आ वासून बसलाय ना!"