शिळं पाणी

आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीत नळ आठवड्यानं येतो. नळाची सूं-सूं ऐकू आली की या घरात एकच हुकूम चालतो, माझा. जुनं पाणी मोरीत ओता, भांडी लख्ख घासा, ताजं भरा. पाव्हण्याला आम्ही कधी शिळं पाणी दिलं नाही. ताजं नसलं तर मी हापशावरून हंडा आणीन, पण शिळं पुढं करणार नाही. दुसरीतून शाळा सुटली माझी, पण ही शिस्त शिकायला शाळा लागत नाही.

माझा एकुलता एक, धम्मपाल, चिकलठाण्याच्या कारखान्यात फिटर होता. त्याला मस्कतला नोकरी लागली. जायच्या आधी दोस्तांसोबत कन्नडच्या घाटात फिरायला म्हणून गेला आणि डब्यात बेडूक घेऊन आला. झाडावर राहणारा, मातकट रंगाचा, बोटांच्या टोकांना टिकल्या चिकटवल्यासारखा. त्याच्यासाठी काचेची पेटी केली. तळाला नारळाचा भुसा, एक आडवी फांदी, झोपायला करवंटी. धम्मपालची बायको रूपा पेटीच्या जवळ फिरकायची नाही, तिला किळस. म्हणून त्यानं सगळं मला शिकवलं. सकाळ-संध्याकाळ फवारा मारायचा. नळाचं ताजं पाणी नको, त्यात जंतू मारायचं औषध असतं. घागरीत उघडं ठेवून शिळं झालं की मगच घ्यायचं. हात लावायचा तर आधी ओला करायचा. खायला जिवंत नाकतोडे.

"आन् तो तोंडानं पाणी पीत नाय, माय. कातडीनं पितो."

"तुझा बाप बी पाणी तोंडाला लावत नव्हता," मी म्हणाले.

बेडकाचं नाव मी पाव्हणा ठेवलं. या घरात शिळं पाणी पिणारा पहिलाच पाव्हणा.

धम्मपाल गेला. नंतर एकदा आम्ही सासू-सुना पैठणला लग्नाला गेलो आणि तिथंच मुक्काम पडला. परत येऊन पाहते तर पेटी कोरडी. पाव्हणा खडूसारखा पांढरा पडलेला, डोळे आत गेलेले. मी फवाऱ्याची बाटली उचलली तेवढ्यात धम्मपालचा व्हिडिओ कॉल आला. रूपानं मोबाइल माझ्यापुढं धरला. त्याचे ओठ फुटले होते. गालाची कातडी भेगाळली होती. म्हणत होता, परवापासून कितीबी पाणी प्यालो तरी अंगाला लागत नाय. मी ऐकत ऐकत पेटीत फवारा मारला.

पडद्यावर त्यानं डोळे मिटले आणि तोंडावरून हात फिरवला.

"काय झालं रे?"

"काय नाय. बरं वाटलं."

कुठलीबी गोष्ट पारखून घ्यायची माझी खोड आहे. मी पुन्हा फवारा मारला. त्यानं पुन्हा तोंड पुसलं. रूपा मोबाइल घेऊन पेटीजवळ सरकली.

आमच्या घरात अंगारे-धुपारे चालत नाहीत. सासऱ्यांनी दीक्षा घेतली तव्हाच देव्हाऱ्यातले देव गोदावरीत सोडले. तेव्हा हे विचारायचं तरी कुणाला? मी रूपाला बजावलं, कुठं बोलायचं नाही, फक्त फवारायचं. त्या दिवसापासून तिची किळस गेली. नाकतोडे पकडायला ती स्वतः रेल्वे रुळापलीकडच्या गवतात जायची. पाव्हण्याची घागर वेगळी केली, तिच्यावर जाळीचं फडकं. पाव्हणा गुबगुबीत झाला. तिकडं धम्मपालचंही अंग भरलं.

मग माझी धाकटी नणंद कडूबाई चार दिवस राहायला आली. मी शुगरच्या गोळ्या आणायला दवाखान्यात गेले होते आणि मागं नळ आला. परत आले तर ओट्यावर सगळी भांडी काठोकाठ भरलेली, उन्हात चमकत होती. पाव्हण्याची घागरही. तिच्यातून नळाच्या औषधाचा वास येत होता. रूपा पेटीपाशी उभी होती, हातात फवारून झालेली बाटली. तिला घागरीतलं पाणी बदलल्याचं माहीतच नव्हतं.

"शिळं होतं, वैनी," कडूबाई म्हणाली. "ओतून दिलं. तुमच्याच हाताखाली शिकलेय मी."

मी रूपाच्या हातातली बाटली काढून घेतली आणि पेटीत पाहिलं.

पाव्हण्याचं पोट लालभडक झालं होतं. मागचे पाय ताणत ताणत तो करवंटीत शिरला आणि हलायचा थांबला.

धम्मपालचा फोन लागेना. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याच्या कंपनीतला माणूस हिंदीत म्हणाला, पता करके बताते हैं.

पाव्हणा वाळला, पानासारखा झाला. रूपा मला म्हणाली, "आत्याबाई, पुरून टाकू त्याला."

"कुणाला पुरायचं?" मी विचारलं.

मी फवारत राहिले. सकाळ-संध्याकाळ, शिळं पाणी, त्या वाळल्या कातडीवर. कातडी ओली व्हायची आणि पुन्हा वाळायची.

एका सकाळी ती वाळली नाही.

त्याच दुपारी रूपाचा मोबाइल वाजला. "माय, येतोय." एवढंच बोलला.

दोन दिवसांनी विमानतळावरून रिक्षानं आला. दारात उभा राहिला. अंगावर जाताना घातलेला शर्ट, कातडी तुकतुकीत, भेग कुठंच नाही. मी गालावरून हात फिरवायला पुढं झाले तर तो मागं सरला.

"हात ओला कर आधी."

पेटीकडं आम्ही दोघींनीही पाहिलं नाही.

सकाळीच नळ येऊन गेला होता. मी ताज्या पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं धरला. त्यानं वास घेतला आणि तांब्या खाली ठेवला.

"रूपा," मी म्हणाले, "शिळं आण."

तिनं दुसऱ्या तांब्यात घागरीतलं आणलं. त्यानं तांब्या मांडीवर घेतला, त्यात बोटं बुडवली आणि डोळे मिटले. ओठ कोरडेच होते. पाणी हळूहळू खाली गेलं, तळ दिसला.

मी तांब्या पुन्हा भरला.