खडकामागची कडी

दार उघडलं ते एका अर्ध्या ओल्या माणसानं. उजवी बाही खांद्यापर्यंत दुमडलेली, कोपरावरून पाणी टपकतंय, आणि ते जमिनीवर सांडू नये म्हणून डाव्या हाताची ओंजळ खाली धरलेली.

"पडद्यांचं माप घ्यायला आलेय," ती म्हणाली.

"या ना... दार तेवढं तुम्हीच लावा. माझे हात समुद्रात आहेत."

खरं म्हणजे मापं घ्यायला ती कधी जायचीच नाही. मावशीच्या पडद्यांच्या दुकानात ती मशीनवर बसायची. घरोघर फिरायचा तो फिटर. पण त्याची कंबर धरली, आणि मावशीनं टेप तिच्या गळ्यात टाकून, नमुन्यांची पिशवी हातात देऊन तिला पिटाळलं होतं.

आत पाऊल टाकलं आणि ती थबकलीच. खिडकीखालची अख्खी भिंत व्यापून एक काचेची टाकी होती. निळसर उजेडात खडक, खडकांवर जांभळी, हिरवी, गुलाबी पोवळी, आणि मधोमध एक मोठं फुलासारखं काहीतरी, शेकडो मऊ बोटं हलवत डोलणारं. त्या बोटांत नारिंगी माशांची एक जोडी लोळत होती.

"केवढं सुंदर फूल आहे..."

"फूल म्हणू नका, ऐकलं तर रागावतील. प्राणी आहे तो. ॲनिमोन. आई त्यांना बाईसाहेब म्हणते."

"का?"

"पाणी जरासं गरम झालं, रुसल्या. उजेड जास्त झाला, रुसल्या. दुपारचं ऊन सरळ काचेवर येतं ना, त्यांच्यासाठीच तर पडदा हवाय."

"म्हणजे गिऱ्हाईक त्या आहेत. मग रंग त्यांनाच विचारायला हवा."

तो हसला. हसताना त्याचा चष्मा नाकावरून घसरला आणि ओल्या हातानं तो वर सारताही येईना. तिनंच, काही कळायच्या आत, एका बोटानं तो वर ढकलला... आणि मग दोघांनाही कुठे बघावं ते सुचेना.

चष्म्यांचंच दुकान होतं त्याचं. दिवसभर लोकांचे डोळे तपासायचे आणि घरी येऊन टाकीपुढे बसायचं. घरात तो आणि आई, दोघंच. आईनं आतून हाक मारली, "अरे, उभंच ठेवलंयस का तिला? चहा घेऊन जा!" आणि तो आत गेला.

ती स्टुलावर चढली. एका हातात टेप, दुसऱ्या हातात नमुन्याचा पडदा. त्याला मावशीच्या दुकानाच्या खास पितळी कड्या लावलेल्या. तिची नजर मात्र बाईसाहेबांवर. पडदा खिडकीला टेकवून बघताना एक सैल कडी निसटली. आवाजसुद्धा झाला नाही. टाकीच्या उघड्या तोंडातून आत पडली, पाण्यात दोन गिरक्या घेतल्या आणि मोठ्या खडकामागे दिसेनाशी झाली.

आता सांगते, असं म्हणून ती खाली उतरली. तेवढ्यात तो चहा घेऊन आला.

"तुम्हाला एक सांगू?" तोच म्हणाला. "इथं येणारा प्रत्येकजण आधी काचेवर टकटक करतो, नाहीतर पाण्यात बोट घालतो. तुम्ही काहीच केलं नाहीत. मी आतून बघत होतो."

सगळं नव्हतं बघितलं त्यानं. तिच्या ओठांवर आलेलं वाक्य चहाच्या घोटाबरोबर आत गेलं. एक कडी तर आहे, तिनं स्वतःला समजावलं. आता सांगितलं तर किती वेंधळी वाटेन मी!

मग तो दुकानात आला, कापड बघायला. निळं निवडून गेला. पुन्हा आला, निळं जास्त गडद तर नाही ना हे बघायला. तिसऱ्या खेपेला मावशीनं चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं.

"कापड तेच आहे हो. बदललेलं नाही."

"नाही, म्हणजे... मला उजेडात बघायचं होतं."

"बघा की. उजेड तिथं मशीनवर बसलाय."

ती मशीनवर इतकी वाकली की कपाळ सुईला टेकायचं बाकी राहिलं. तो जवळ येऊन उभा राहिला. हळूच म्हणाला, "बाईसाहेबांनी विचारलंय, पडदा लावायला कोण येणार? फिटर... की तुम्ही?"

"फिटरची कंबर बरी झालीय."

"अरेरे."

"पण इतकीही बरी नाही," ती म्हणाली, आणि तो अख्खा उजळला.

त्या हसण्याखाली कडी टोचत होतीच. प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगून टाकू. आणि प्रत्येक वेळी तो असा काही बघायचा, की त्या नजरेतून उतरायची तिची हिंमत होत नसे.

पडदे घेऊन ती गेली तेव्हा दार आईनं उघडलं. चेहरा उतरलेला. आत तो टाकीपुढे गुडघ्यांवर बसला होता. ती जवळ गेली.

बाईसाहेब आक्रसून मुठीएवढ्या झाल्या होत्या. ती डोलणारी बोटं लोंबत होती, मधलं तोंड उघडं पडलं होतं. एरवी काचेला चिकटून असणाऱ्या गोगलगाई खाली वाळूत उताण्या पडलेल्या. कोपऱ्यातलं हिरवं पोवळं टोकांपासून पांढरं पडत चाललं होतं. नारिंगी जोडी बावचळून इकडून तिकडे फिरत होती.

"काय झालं?"

"तांबं," तो म्हणाला. त्याच्या हातात चाचणीची छोटी नळी होती. "पाण्यात तांबं उतरलंय. माशांना फारसं काही होत नाही, पण यांना विष आहे ते. तांबं, पितळ, काहीही. ते हिरवं पोवळं माझ्याकडे आलं तेव्हा नखाएवढं होतं..."

पितळ. तिच्या कानात तो एकच शब्द वाजत राहिला.

"माझंच चुकलं रे," आई मागून म्हणाली. "रोज सकाळी मी हात घालून खाऊ भरवते त्यांना. सांध्यांसाठी ते तांब्याचं कडं घातलेलं. डोक्यातच आलं नाही."

"किती वेळा सांगितलं होतं, आई!" त्याचा आवाज चढला.

आईनं मनगट पदराखाली लपवलं. कडं काढून टाकलेलं होतं. तिथं फक्त एक फिकट पट्टा उरला होता. "आता नाही हो मी जवळ जात," ती हिला म्हणाली, अगदी लहान मुलीसारखी. "लांबूनच बघते."

ही बोलायलाच हवी होती. त्याच क्षणी. त्याऐवजी तिनं पडदे लावले, कडी कडी दांड्यावर सरकवली, आणि प्रत्येक कडीच्या आवाजासरशी ती आतून मेली. "येते," म्हणून जिना उतरली.

बसस्टॉपपर्यंत कशी पोचली ते तिचं तिला ठाऊक. बाकावर बसली. आपण काय केलं? पाण्यातल्या मुक्या जिवांना मारलं, ते चुकून. पण एका म्हाताऱ्या बाईला आपल्यादेखत दोषी ठरू दिलं, ते काही चुकून नव्हतं. एका माणसाच्या नजरेत चांगलं दिसावं म्हणून! चेहरा भाजल्यासारखा तापला. बस आली, दार उघडलं. ती बसकडे पाठ करून परत त्याच्या घराकडे चालू लागली.

या वेळी दार त्यानं उघडलं.

"काही विसरलात?"

"काकूंना बोलवा. दोघांसमोर सांगायचंय." ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. आई आली. "काकू, तुमच्या कड्यानं काही झालेलं नाही. मी माप घेत होते ना, तेव्हा एक पितळी कडी टाकीत पडली. मोठ्या खडकामागे. मला कळलं होतं पडल्याचं. मी सांगितलं नाही. मघाशीही... मघाशीही नाही सांगितलं."

तो आत गेला, बाही वर सारली, लांब चिमटा खडकामागे घातला. वर आली ती कडी हिरवट झाली होती. त्यानं ती तळहातावर घेतली. तिच्याकडे बघितलंही नाही.

"कडी पडली, त्याचं काही नाही," तो शेवटी म्हणाला. "पण मी आईला काय काय बोललो... आणि तुम्ही तिथंच उभ्या होतात."

"हो."

एवढंच. सबब सांगायची नाही, हे तिनं बसस्टॉपवरच ठरवलं होतं. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं वाटत ती मान खाली घालून उभी राहिली.

"अरे, भांडायचं ते मागाहून भांडा," आई म्हणाली. "आधी पाणी बदला! पोरी, तुला बादली उचलता येते ना?"

येत होती. त्या संध्याकाळी तिनं गोड्या पाण्यात मीठ कालवलं, ढवळलं, बादल्या वाहिल्या. त्यानं टाकीच्या गाळणीत एक पांढरा स्पंज ठेवला. पाण्यात तांबं असेल तर तो निळा पडतो म्हणे. दुसऱ्या दिवशी तो निळाशार झाला होता. दुकान सुटलं की ती रोज यायची, मुकाट काम करायची, जायची. तोही मोजकंच बोलायचा. "मीठ विरघळू द्या." "हळू ओता." फक्त काकू बोलत राहायच्या, दोघांच्या वाटचं.

हिरवं पोवळं गेलं. पूर्ण पांढरं पडलं. त्यानं ते बाहेर काढलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रडायचाही आपल्याला हक्क नाही असं वाटून ती मोरीत बादली घासायला गेली. तो मागोमाग आला.

"द्या इकडे. झालीय ती स्वच्छ."

"नाही झाली."

"केव्हाची घासताय. तळ जाईल तिचा." तो दाराला टेकला. "मी आईची माफी मागितली. ती म्हणाली, 'मला नको, त्या पोरीला काहीतरी बोल, बिचारी रोज येते आणि भांड्यांशी बोलून जाते.'"

हसू येऊ नये म्हणून तिनं ओठ दाबले.

हळूहळू स्पंज पांढरा राहू लागला. एका सकाळी बाईसाहेब आपली जागा सोडून सरकत सरकत पुढच्या काचेपाशी येऊन बसल्या, बारीक झालेल्या, पण बोटं पसरून. नारिंगी जोडी पुन्हा त्यांच्यात शिरली. संध्याकाळी काकूंनी स्वतःच्या हातानं त्यांना कोळंबीचा तुकडा भरवला, आणि त्या बोटांनी तो अलगद ओढून घेतला.

ती बघत राहिली. मग पर्स उचलली.

"आता पाणी चांगलं आहे," ती म्हणाली. "माझं काम संपलं."

"हो... संपलं."

"येते मग."

"उद्या?"

"उद्या काय काम आहे?"

"काहीच नाही," तो म्हणाला. चष्मा काढून उगाचच पुसू लागला. "म्हणूनच म्हणतोय. उद्या काम नसताना ये."

ये, म्हणाला तो. या नाही. तिनं ते ऐकलं, आणि तिनं ऐकलं हे त्यानंही बघितलं.

"मला अजून लाज वाटते," ती पुटपुटली. "इथं आलं की... तुमच्याकडे बघितलं की."

"माझ्यावर चिडून गेली असतीस तर सोपं होतं. तू रोज आलीस. मी रोज ठरवायचो, आज नीट बोलायचं, आणि म्हणायचो काय, तर मीठ विरघळू द्या!" त्यानं चष्मा घातला. "मला तू आवडतेस. कडीसकट आवडतेस. दारात उभी राहून सांगितलंस, तेव्हा राग आला होता आणि आवडलीसही होतीस. दोन्ही एकदम. काय करायचं तेच कळेना."

तिनं वर बघायचा प्रयत्न केला. नजर त्याच्या शर्टाच्या बटणापर्यंत जाऊन परत आली. कान तापले, गाल तापले.

"बघ," तो घाबरून म्हणाला, "पुन्हा लाज वाटतेय का तुला?"

टाकीपाशी बसलेल्या काकूंनी मान वळवून तिच्या चेहऱ्याकडे एकवार नीट बघितलं.

"अरे वेड्या," त्या म्हणाल्या, "तिला लाज वाटत नाहीये आता. ती लाजतेय."